दोन-तीन थेंब रक्त, पांढऱ्या पेशी आणि जनुकीय तपासणी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

विदर्भातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत आणि ग्रामीण रुग्णालयांत काम करणारे लॅब टेक्निशियन, नमुने गोळा करणाऱ्या एएनएम आणि आशाताई, आणि ज्यांच्या लेकराचं रक्त घेतलं जातं ते आईबाप, अशा सगळ्यांसाठी हे लिहिलं आहे. उदाहरणं बहुतेक सिकलसेलची, म्हणजे लाल पेशी वाकड्या होण्याच्या आनुवंशिक आजाराची आहेत, कारण गडचिरोलीपासून मेळघाटापर्यंत डीएनए तपासणीची चिठ्ठी निघते ती बहुतेक वेळा त्यासाठीच. थॅलॅसेमियासाठी किंवा दुसऱ्या एखाद्या आनुवंशिक आजारासाठी नमुना पाठवायचा असला तरी पद्धत हीच.

"मॅडम, एवढ्याशा रक्तात काय दिसन?"

आईबाप हे विचारतातच, पण डॉक्टरांच्याही मनात ही शंका असते. हिशेब करून पाहा. एका मायक्रोलिटर रक्तात, म्हणजे मिलिलिटरच्या हजाराव्या भागात, साधारण ४,००० ते ११,००० पांढऱ्या पेशी असतात. बोट टोचून १०० मायक्रोलिटर रक्त मिळालं, म्हणजे दोन-तीन थेंब, आणि मायक्रोलिटरमागे ५,००० पेशी धरल्या, तर ५ लाख पेशी झाल्या. एका पेशीत सुमारे ६.६ पिकोग्रॅम डीएनए असतो. एकूण ३ मायक्रोग्रॅमच्या वर गेला. काढताना निम्मा वाया गेला असं धरलं तरी दीड मायक्रोग्रॅम हातात राहतो. सिकलसेलच्या एका पीसीआरला, म्हणजे डीएनएच्या ठरलेल्या भागाच्या असंख्य प्रती काढणाऱ्या तपासणीला, ५० ते १०० नॅनोग्रॅम भरपूर होतात. म्हणजे तीच तपासणी पंधरा वेळा करता येईल एवढा माल त्या दोन-तीन थेंबांत आहे.

नवजात बाळाच्या आणि सिकलसेलच्या पेशंटच्या रक्तात तर पांढऱ्या पेशी बहुधा जास्तच असतात. ज्या लेकरांचं रक्त कमीत कमी घ्यायला हवं, त्यांच्याच रक्तात डीएनए भरपूर सापडतो. हायड्रॉक्सियुरिया हे सिकलसेलचं औषध चालू असेल तर पांढऱ्या पेशी कमी होतात. तेव्हा थोडं जास्त घ्या आणि चिठ्ठीवर औषधाचं नाव लिहा.

"आजार लाल पेशींचा हाय, मंग पांढऱ्या पेशी काहून पाहता?"

फार रास्त प्रश्न आहे. वाकड्या होतात त्या लाल पेशीच. पण पूर्ण वाढलेल्या लाल पेशीत केंद्रक नसतं. रक्तात उतरण्याआधी अस्थिमज्जेतच ती केंद्रक टाकून देते, त्यामुळे तिच्यात जनुक शिल्लक नसतो. हिमोग्लोबिन कसं बनवायचं याची माहिती ११व्या गुणसूत्रावरच्या बीटा ग्लोबिन जनुकात असते, आणि तो जनुक शरीरातल्या केंद्रक असलेल्या प्रत्येक पेशीत असतो. पांढरी पेशी हिमोग्लोबिन बनवत नाही, पण जनुक तिच्यातही तोच असतो. रक्तात हमखास केंद्रक असलेली पेशी तीच, म्हणून तिला शोधायचं.

सिकलसेलमध्ये त्या जनुकातलं एकच अक्षर बदललेलं असतं. सहाव्या स्थानी ग्लुटामिक ॲसिडच्या जागी व्हॅलिन येतं आणि तेवढ्याने हिमोग्लोबिनचं वागणं बदलतं. एचपीएलसी किंवा इलेक्ट्रोफोरेसिस या तपासण्या हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करतात, म्हणजे तयार झालेलं हिमोग्लोबिन पाहतात. डीएनए तपासणी थेट ते अक्षर पाहते.

लाल पेशी नुसत्या निरुपयोगी असत्या तरी चाललं असतं. पण मायक्रोलिटरमागे त्या पन्नास लाखांच्या आसपास असतात, म्हणजे एका पांढऱ्या पेशीमागे जवळपास हजार, आणि त्यांच्यातलं हीम, म्हणजे हिमोग्लोबिनचा लोह असलेला भाग, पीसीआरचं एन्झाइम अडवतं. म्हणून आधी त्यांना बाजूला काढावं लागतं.

एचपीएलसी केली असताना डीएनए कशाला?

दरवेळी लागत नाही, आणि उगाच पाठवूही नये. एचपीएलसीचा अहवाल स्पष्ट असेल, आईबाप दोघंही वाहक (बदललेला जनुक एकाच पालकाकडून आलेले) असल्याचं माहीत असेल, तर पुष्कळदा तेवढ्यावर भागतं. डीएनए लागतो तो संशयाच्या ठिकाणी. एका पालकाकडून सिकलसेलचा आणि दुसऱ्याकडून बीटा थॅलॅसेमियाचा जनुक आला असेल, तर अहवाल दिसायला कधीकधी सिकलसेलच्या पेशंटसारखाच येतो. बाळ अगदी लहान असेल तर त्याच्यात गर्भातलं हिमोग्लोबिन एवढं असतं, की विद्राव्यता चाचणीवर, म्हणजे सिकलसेलच्या साध्या प्राथमिक चाचणीवर, सहा महिन्यांपर्यंत भरवसा ठेवता येत नाही. डीएनए मात्र जन्मल्या दिवशीही तोच असतो. नुकतंच रक्त चढवलेलं असेल तरी डीएनएच कामी येतो, त्याबद्दल पुढे लिहिलं आहे.

किती रक्त घ्यायचं?

मोठ्या माणसाचं ईडीटीए (रक्त गोठू न देणारं रसायन) असलेल्या ट्यूबमध्ये २ मिलिलिटर. लहान मुलाचं अर्धा ते एक मिलिलिटर, तेही शीर सहज मिळाली तर. तान्ह्या बाळाचं टाचेतून २०० ते ३०० मायक्रोलिटर, बालकांसाठीच्या छोट्या ईडीटीए ट्यूबमध्ये.

इथे मला आग्रहाने सांगायचं आहे. अडीच किलोच्या बाळाच्या अंगात सगळं मिळून जेमतेम २०० मिलिलिटर रक्त असतं. त्यातून पाच मिलिलिटर काढणं म्हणजे चाळिसावा हिस्सा काढणं. आधीच हिमोग्लोबिन सात-आठवर असलेल्या लेकराच्या बाबतीत "लॅबने मागितलं म्हणून" भरलेली ट्यूब पाठवणं बरोबर नाही. कमी नमुना पाठवतोय असं लॅबला फोन करून सांगा. लॅब नाही म्हणाली तर कारण विचारा. बहुतेक वेळा मोठ्या माणसांसाठी छापलेला तक्ता पुढे करण्यापलीकडे त्याला कारण नसतं.

बोटातून, टाचेतून घेताना काय सांभाळायचं?

तान्ह्या बाळाचं बोट टोचू नका, हाड फार जवळ असतं. टाचेच्या कडेला टोचा, मधोमध किंवा मागच्या गोलाईवर नाही. टाच आधी कोमट ओल्या फडक्याने तीन-चार मिनिटं शेकली की रक्त आपसूक येतं. मोठ्यांचं मधलं किंवा अनामिका बोट घ्या, पेराच्या किंचित बाजूला टोचा. स्पिरिट पूर्ण वाळू द्या. पहिला थेंब कोरड्या कापसाने पुसून टाका.

दाबून दाबून रक्त काढण्याची सवय फार आहे, ती मोडायला हवी. दाबलं की पेशींच्या बाहेरचं, मधल्या जागेतलं पाणी रक्तात मिसळतं, लाल पेशी फुटतात आणि वेळ गेल्याने रक्त गोठायला लागतं. एकदा बारीक गुठळी झाली की पांढऱ्या पेशी तिच्यात अडकतात, आणि थोड्या नमुन्यात तर निम्म्याअधिक तिथेच जातात. प्रत्येक थेंब ट्यूबमध्ये पडला की ट्यूब हलकेच टिचकी मारून फिरवा. झाकण लावल्यावर आठ-दहा वेळा उलटसुलट करा. जोराने हलवू नका.

कोणत्या झाकणाची ट्यूब?

जांभळ्या, म्हणजे ईडीटीए. हिरव्या झाकणाच्या ट्यूबमधलं हिपॅरिनही रक्त गोठू देत नाही, पण ते डीएनएसोबत शेवटपर्यंत राहतं आणि पीसीआर बंद पाडतं. फक्त गुणसूत्रांची तपासणी असेल, म्हणजे कॅरिओटाइप, तर हिरवीच लागते, कारण तिथे पांढऱ्या पेशी जिवंत पोचून त्यांची वाढ करावी लागते. ते रक्त गोठवायचं नाही आणि शक्यतो दुसऱ्या दिवसापर्यंत पोचवायचं. चिठ्ठी नीट वाचा. "जनुकीय तपासणी" या एकाच शब्दाखाली दोन अगदी वेगळ्या गोष्टी पाठवल्या जातात.

नमुना लगेच नागपूरला जात नाही. किती दिवस टिकतो?

ईडीटीए रक्त २ ते ८ अंशांत ठेवलं तर डीएनएसाठी पाच-सात दिवस अगदी चांगलं राहतं. साध्या खोलीत एक दिवस चालतं, पण पुस्तकातली "साधी खोली" २५ अंशांची असते. मे महिन्यात चंद्रपूर-ब्रह्मपुरीकडे पारा ४५च्या वर जातो. बंद गाडीत किंवा एसटीच्या इंजिनाजवळ ठेवलेल्या खोक्यात काय होत असेल ते सांगायला नको. तिथे काही तासांत लाल पेशी फुटतात, पांढऱ्या मरतात आणि त्यांच्यातलीच एन्झाइम्स डीएनएचे तुकडे करायला लागतात.

लसीचा कॅरियर वापरा, पण ट्यूब आइसपॅकला थेट टेकवू नका. मध्ये वर्तमानपत्राची जाड घडी ठेवा. थंडीने बर्फ झालेल्या रक्तातून डीएनए निघतो, पण पेशी फुटलेल्या असल्याने पांढऱ्या पेशी वेगळ्या करता येत नाहीत. लस आणि रक्त एका कॅरियरमध्ये कधीही नाही.

पावसाळ्यात रस्ताच बंद असतो, तेव्हा?

पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा संपर्क तुटतो, हे तिकडच्या सगळ्यांना ठाऊक आहे. अशा वेळी फिल्टर पेपरच्या कार्डावर रक्ताचे ठिपके घ्यावेत. रॉबर्ट गथ्री यांनी १९६०च्या दशकात नवजात बाळांच्या तपासणीसाठी ही पद्धत रूढ केली आणि आजही तिला तोड नाही. रक्त मोठ्या थेंबाने एकदाच, कागदाच्या एकाच बाजूने टेकवायचं आणि ते आरपार भिजलं पाहिजे. थेंबावर थेंब देऊ नका. कार्ड आडवं ठेवून सावलीत तीन-चार तास वाळवा. उन्हात किंवा चुलीजवळ नाही. पावसाळी हवेत जास्त वेळ लागतो. ठिपका लाल न राहता तपकिरी झाला की वाळला असं समजा. ओलं कार्ड प्लास्टिकमध्ये बंद केलं तर बुरशी येते आणि सगळी मेहनत जाते. वाळलेलं कार्ड सिलिका जेलच्या पुडीसोबत झिपच्या पिशवीत ठेवलं की ते टपालानेही जातं.

कार्डातून कापलेल्या ३ मिलिमीटरच्या एका टिकलीत सुमारे ३ मायक्रोलिटर रक्त असतं. एका ठरलेल्या बदलासाठी तेवढं पुरतं. पांढऱ्या पेशी मात्र कार्डावरून वेगळ्या होत नाहीत, त्या वाळून कागदालाच चिकटतात. डीएनए थेट टिकलीतून काढतात.

पांढऱ्या पेशी आमच्याच केंद्रात वेगळ्या कराव्यात का?

माझं मत विचाराल तर नमुना दोन-तीन दिवसांत आणि थंड जात असेल तर करू नका. जेवढे हात लागतील, जेवढ्या ट्यूब बदलतील, तेवढी अदलाबदलीची आणि भेसळीची भीती वाढते. पण आठवडाभर अडकून पडणार असेल, किंवा एकाच कुटुंबाचे नमुने साठवून एकदम पाठवायचे असतील, आणि तुमच्याकडे सेंट्रिफ्यूज, पिपेट आणि उणे २० अंशांचा डीप फ्रीझर असेल, तर जरूर करा. पांढऱ्या पेशींचा धुतलेला गोळा उणे २० वर पुष्कळ महिने राहतो.

थोड्या रक्तासाठी सोपी पद्धत कोणती?

लाल पेशी फोडून पांढऱ्या खाली बसवण्याची. द्रावण असं: एक लिटर डिस्टिल्ड पाण्यात अमोनियम क्लोराईड ८.३ ग्रॅम, पोटॅशियम बायकार्बोनेट १ ग्रॅम, डायसोडियम ईडीटीए ३७ मिलिग्रॅम, पीएच ७.२ ते ७.४. थोडंथोडं ताजं करावं. बाटली उघडीझाकी राहिली की त्यातला कार्बन डायऑक्साइड उडतो, पीएच चढतो आणि द्रावण मंदावतं.

काम कसं होतं तेही माहीत असू द्या. अमोनिया लाल पेशीच्या पडद्यातून सहज आत शिरतो. लाल पेशीत कार्बोनिक ॲनहायड्रेज हे एन्झाइम भरपूर आणि क्लोराईड-बायकार्बोनेटची देवाणघेवाण वेगवान, त्यामुळे अमोनियम क्लोराईड आत साठत जातं, मागोमाग पाणी शिरतं आणि पेशी फुगून फुटते. पांढऱ्या पेशीत हा व्यवहार संथ असल्याने ती दहा-पंधरा मिनिटं तग धरते. तेवढीच आपली मुदत.

दीड मिलिलिटरच्या ट्यूबमध्ये २०० मायक्रोलिटर रक्त घ्या आणि त्यावर खोलीच्या तापमानाचं १ मिलिलिटर द्रावण घाला. पाच-सहा वेळा हलकेच उलटी-सुलटी करा. सुरुवातीला सगळं गढूळ, दाट लाल असतं. ट्यूब छापील कागदासमोर धरून ठेवा. पाचेक मिनिटांनी लाल रंग तसाच राहतो, पण गढूळपणा जातो आणि पलीकडची अक्षरं वाचता येतात. लाल पेशी फुटल्याची ही खूण, घड्याळापेक्षा हिच्यावर विसंबा.

मग ४०० ते ५०० जी वर (जी म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या किती पट जोर) पाच मिनिटं फिरवा. ट्यूब ठेवताना झाकणाची बिजागरी बाहेरच्या बाजूला ठेवा. गोळा नेहमी बिजागरीखालच्या भिंतीला बसतो आणि कुठे शोधायचा ते आधीच कळतं. २०० मायक्रोलिटर रक्तातून निघणारा गोळा जेमतेम खसखशीच्या दाण्याएवढा असतो, न दिसण्याचीच शक्यता जास्त. वरचं लाल पाणी समोरच्या भिंतीला टिप टेकवून हळू ओढा आणि तळाचे ५० मायक्रोलिटर सोडून द्या. ट्यूब उलटी करून पाणी ओतू नका, तेवढ्यात गोळा निघून जातो.

पुन्हा १ मिलिलिटर द्रावण घालून हेच करा. मग एकदा पीबीएसने, म्हणजे फॉस्फेट घातलेल्या खाऱ्या पाण्याने, धुवा. गोळा पांढरा दिसला की थांबा. प्रत्येक धुण्यात थोड्या पेशी जातातच, म्हणून "अजून एकदा" हा मोह थोड्या नमुन्यात महाग पडतो.

तरीही गोळा लालच राहतो. का?

बहुधा तीनपैकी एक कारण असतं. द्रावण जुनं झालं असेल किंवा फ्रीजमधून काढल्या काढल्या वापरलं असेल. रक्तात गुठळी असेल. किंवा पेशंट सिकलसेलचा वा थॅलॅसेमियाचाच असेल. या आजारांत लाल पेशी पाणी शिरलं तरी लवकर फुटत नाहीत, नेहमीच्या रक्तापेक्षा त्यांना चार-पाच मिनिटं जास्त द्यावी लागतात. आपल्याकडचे निम्मे नमुने अशांचेच, त्यामुळे बाहेरून आलेल्या माहितीपत्रकातली वेळ इथे तंतोतंत लागू पडत नाही. हलकी गुलाबी छटा राहिली तर पुढे डीएनए धुताना निघून जाते.

अशा पेशंटच्या आणि नवजात बाळाच्या रक्तात केंद्रक असलेल्या कच्च्या लाल पेशीही असतात. त्या फुटत नाहीत, पांढऱ्यांबरोबरच खाली बसतात. पेशी मोजायच्या असतील तर आकडा फुगतो, पण डीएनएसाठी काही बिघडत नाही. तो त्याच माणसाचा असतो.

जी आणि आरपीएम, आमच्या यंत्रावर तर आरपीएमच आहे?

रोटरच्या मध्यापासून ट्यूबच्या तळापर्यंतचं अंतर सेंटिमीटरमध्ये मोजा. त्याला आरपीएमच्या वर्गाने गुणा आणि येणाऱ्या संख्येला ०.००००१११८ने गुणा. १० सेंटिमीटर अंतर आणि २,००० आरपीएम असेल तर ४४७ जी येतात. आकडा काढून यंत्रावर चिकटवून ठेवा.

मध्येच वीज गेली तर?

झाकण उघडू नका, रोटर आपोआप थांबू द्या. वीज आली की पुन्हा पूर्ण पाच मिनिटं फिरवा. वीज लवकर येण्याची चिन्हं नसतील तर पेशी फोडणाऱ्या द्रावणात पडून राहू नयेत, म्हणून पीबीएस घालून द्रावण पातळ करा आणि ट्यूब बर्फात ठेवा. लोडशेडिंगची वेळ पाहून काम सुरू करणं सर्वांत बरं.

फायकॉल वापरू का?

जनुकाच्या साध्या तपासणीसाठी नको. फायकॉल हा घनतेनुसार पेशी वेगळ्या करणारा द्रव. १.०७७ घनतेच्या त्या द्रवावर रक्ताचा थर द्यायचा, ब्रेक न लावता अर्धा तास फिरवायचं, तेही १८ ते २० अंशांवर. मिळतात त्या फक्त लिम्फोसाइट आणि मोनोसाइट या प्रकारच्या पांढऱ्या पेशी. न्यूट्रोफिल हा तिसरा प्रकार, त्या लाल पेशींबरोबर तळाशी जातात, म्हणजे निम्म्याहून जास्त डीएनए आपणच फेकून देतो. पेशींचे प्रकार वेगळे लागतील अशा तपासण्या मोठ्या लॅबच्या. चुंबकीय मण्यांनी पेशी वेगळ्या करण्याचंही तेच.

"पोराले मागच्या हप्त्यात रक्त चढवलं. मंग रिपोर्ट दुसऱ्याचा येईन का?"

एचपीएलसीच्या बाबतीत ही भीती खरी आहे. दात्याच्या लाल पेशी पेशंटच्या अंगात आठवडेच्या आठवडे राहतात, म्हणून त्या तपासणीसाठी तीन महिने थांबायला सांगतात. डीएनए पांढऱ्या पेशींचा असतो. पिशवीतल्या दात्याच्या पांढऱ्या पेशी साठवणीतच बहुतेक मेलेल्या असतात, गाळलेल्या रक्तात तर अगदीच थोड्या, आणि अंगात गेल्यावर त्या फार टिकत नाहीत. त्यामुळे अहवाल तुमच्याच मुलाचा येतो. तरी रक्त चढवण्याआधी नमुना घेता आला तर तोच घ्यावा, आणि नाही जमलं तर चढवल्याची तारीख चिठ्ठीवर ठळक लिहावी. अस्थिमज्जा प्रत्यारोपण झालं असेल तर गोष्ट वेगळी. तिथे रक्तातल्या पेशी दात्याच्या असतात, म्हणून गालाच्या आतून पुसून घेतलेला नमुनाही पाठवावा.

"डीएनए म्हणजे बाप कोण ते पाहता का?"

नाही. सिकलसेलच्या तपासणीत त्या एका जनुकातला ठरलेला भाग पाहतात. तरीही आईबाप आणि मूल तिघांचे अहवाल शेजारी ठेवले तर क्वचित ते एकमेकांशी जुळत नाहीत, हे लपवण्यात अर्थ नाही. म्हणून रक्त घेण्याआधी समुपदेशकाने एकांतात, त्यांच्या भाषेत, मग ती माडिया असो, गोंडी असो वा कोरकू, हे सांगून संमती घ्यावी. अंगठा घेतला म्हणजे संमती झाली असं नाही. अहवाल ज्याचा त्याच्याच हातात द्यावा. आशाताईंनी सासूजवळ किंवा चावडीवर बोलू नये. वाहक निघालेल्या मुलीचं लग्न मोडल्याची उदाहरणं आपल्या भागात आहेत, आणि दोष नेहमी तिच्याच माथी येतो. खरं तर आईबाप दोघांकडूनही बदललेला जनुक आला तरच मूल सिकलसेलचं होतं, आणि दोघंही वाहक असले तर ती शक्यता दर गरोदरपणात चारात एक असते.

गरोदर बाईचं काय?

नवरा-बायको दोघांचे नमुने शक्य तितक्या लवकर पाठवा. दोघंही वाहक निघाले आणि त्यांना गर्भाची तपासणी हवी असेल, तर वारेच्या ऊतीचा नमुना साधारण दहाव्या-बाराव्या आठवड्यात घेतात. पाचव्या महिन्यात पाठवलेल्या चिठ्ठीला ती वेळ निघून गेलेली असते.

ट्यूबवर आणि चिठ्ठीवर काय लिहू?

पूर्ण नाव, वय, गाव, नमुना घेतल्याची तारीख आणि वेळ, आणि नोंदवहीतला क्रमांक. एका टोल्यावर, म्हणजे पाड्यावर, एकाच नावा-आडनावाची तीन माणसं असतात, म्हणून क्रमांक दोन्हीकडे हवाच. लेबल रक्त घेण्याआधी नाही, घेतल्यावर पेशंटसमोरच लावा. बॉलपेनची शाई बर्फाच्या पाण्याने पुसते, न पुसणारं मार्कर वापरा.

उरलेलं रक्त आणि लाल पाणी कुठे टाकायचं?

१ टक्का सोडियम हायपोक्लोराइटमध्ये अर्धा तास ठेवून मग मोरीत. रक्ताचा कापूस पिवळ्या पिशवीत, प्लास्टिकच्या ट्यूब आणि टिप लाल पिशवीत, सुया आणि लॅन्सेट पांढऱ्या न भेदणाऱ्या डब्यात. डीएनए काढायचं किट वापरत असाल तर त्याच्या बफरवर हायपोक्लोराइट कधीही ओतू नका. त्यात ग्वानिडिनचे क्षार असतात आणि विषारी वायू सुटतो. ते पाणी वेगळ्या बाटलीत, लेबल लावून साठवा.